तासगावच्या द्राक्षावर तपासलेलं गूगल स्कॉलर

गूगल स्कॉलर म्हणजे संशोधन-पेपर शोधायची गूगलची सेवा. किंमत शून्य. साधं गूगल खातं पुरतं. मोबाइलवर चालतं, पण यादी साफ करायची असेल तर कॉम्प्युटरवरच बसावं. गुण द्यायचे तर शोधासाठी पाचपैकी साडेचार, 'सायटेड बाय'च्या, म्हणजे एखाद्या पेपरचा उल्लेख करणाऱ्या पेपरांच्या, यादीसाठी पाचपैकी पाच, आणि प्रोफाइलच्या कोपऱ्यात मिरवणाऱ्या एच-इंडेक्ससाठी दोन (एच-इंडेक्स ५ म्हणजे पाच पेपरना प्रत्येकी किमान पाच सायटेशन, म्हणजे इतर पेपरांतले उल्लेख). दोनच का, ते पुढे येईल.

सातारा-सांगलीकडच्या सायन्स कॉलेजांत गूगल स्कॉलर उघडलं जातं ते बहुतेक वेळा आकड्यासाठी. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाइल असो, पदोन्नतीचा अर्ज असो की गाइडशिपचा फॉर्म, कुठेतरी 'एकूण सायटेशन, एच-इंडेक्स' असा रकाना असतोच. ऑफिसातून निरोप येतो, "मॅडम, तेवढा स्क्रीनशॉट पाठवा." स्क्रीनशॉट जातो, काम मिटतं. या सेवेचा जो भाग खरोखर कामाचा आहे, तो उघडायची वेळच येत नाही. म्हणून इथे ती एका जीन रेग्युलेशनच्या, म्हणजे जनुक कसं चालू-बंद होतं यावरच्या, पेपरवर, आणि तोही आपल्याकडच्या पिकाशी नातं असलेल्या पेपरवर, चालवून पाहिली आहे.

पेपर आहे कोबायाशी, गोतो-यामामोतो आणि हिरोचिका या जपानी संशोधकांचा, २००४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला. लांबी फक्त एक पान. प्रश्न साधा: काही द्राक्षं हिरवी आणि काही काळी का? सालीचा रंग येतो अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, आणि ते बनवणारी यंत्रणा चालू करणारं एक नियामक जनुक आहे, एमवायबीए१. हिरव्या जातींत हे जनुक मोडलेलं नसतं. त्याच्या प्रमोटरच्या, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाच्या, बाजूला ग्रेट१ नावाचा रेट्रोट्रान्सपोझॉन, म्हणजे डीएनएचा स्वतःची नक्कल करून दुसरीकडे घुसणारा तुकडा, ठाण मांडून बसलेला असतो आणि त्यामुळे जनुक चालूच होत नाही. पुरावाही देखणा आहे. इटालिया या हिरव्या जातीच्या एका फांदीला लाल घड लागले, त्यातून रुबी ओकुयामा ही जात निघाली. त्या लाल जातीत रेट्रोट्रान्सपोझॉनचा बहुतेक भाग निघून गेलेला होता, मागे फक्त टोकाचा एक तुकडा उरला होता. अडथळा हटला, रंग परतला. तासगावच्या बागांत एका बांधाला हिरवं थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश आणि पलीकडे काळं शरद सीडलेस पाहणाऱ्याला हा विषय परका वाटू नये.

आता सेवा. पेपरचं पूर्ण शीर्षक इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाका. अवतरणचिन्हं नसतील तर द्राक्ष, रंग, रेट्रोट्रान्सपोझॉन हे शब्द असलेले शेकडो पेपर येतात. पहिल्याच ओळीत पेपर सापडतो, आणि त्याखाली 'सायटेड बाय' व 'ऑल व्हर्जन्स' या दोन लिंक असतात. 'ऑल व्हर्जन्स' आधी उघडा. जर्नलची वर्गणी नसेल तर संशोधकाच्या संस्थेच्या साइटवर ठेवलेली मोफत पीडीएफ पुष्कळदा तिथेच मिळते. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. खाजगी संस्थांच्या कॉलेजांना ही मोफत प्रत शोधायची सवय अजून लागतेच.

मग 'सायटेड बाय'. इथे पहिला अडथळा येतो. यादी कितीही मोठी असली तरी गूगल स्कॉलर पहिल्या हजार नोंदींपलीकडे काही दाखवत नाही. यावरचा उपाय डाव्या बाजूला आहे: वर्षांची मर्यादा घाला. २००४ ते २००९, मग २०१० ते २०१४, असे गठ्ठे केले की प्रत्येक गठ्ठा हजाराच्या आत राहतो. दुसरा अडथळा म्हणजे भराभर पानं उलटली की 'तुम्ही यंत्रमानव नाही ना' असं विचारणारी चौकट. ती आली की थोडं थांबावं. एकाच वाय-फायवर सगळा विभाग एकाच दुपारी नॅकची माहिती गोळा करत असेल तर ही चौकट हमखास येते.

वर एक छोटी खूणचौकट असते, 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स'. बहुतेकांनी ती कधी टिकच केलेली नसते, आणि सगळ्या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे. ती टिक करून शोधपट्टीत इंग्रजीत 'बड स्पोर्ट' टाका: द्राक्षपेपरचा उल्लेख करणाऱ्यांपैकी फक्त फांदी-उत्परिवर्तनावर बोलणारे पेपर उरतात. 'थॉम्पसन सीडलेस' टाका, की तुमच्या बागेतल्या जातीपर्यंत धागा येतो. 'मिथायलेशन' टाकलं तर एपिजेनेटिक्सवाले, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुक आवरणाऱ्या खुणांवर काम करणारे, वेगळे होतात. हे शोधणं फक्त शीर्षकात आणि सारांशात होत नाही, पूर्ण मजकुरात होतं. म्हणून एखाद्याने पेपरच्या पोटात एका ओळीत जातीचं नाव घेतलं असेल तरी ते सापडतं.

असं चाळताना २००७ मधला एक ऑस्ट्रेलियन गटाचा पेपर हाती लागतो, 'प्लँट जर्नल'मधला. त्यांनी ५५ हिरव्या जाती तपासल्या आणि दाखवलं, की एमवायबीए१ च्या शेजारीच एमवायबीए२ हे दुसरं नियामक जनुक आहे, आणि तेही बिघडल्याशिवाय द्राक्ष हिरवं होत नाही. म्हणजे २००४ चं उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. काळ्या जातीच्या संकर पैदाशीत रोप लहान असतानाच रंग ओळखायचा असेल, तर फक्त पहिल्या जनुकाचा मार्कर (डीएनएवरची ओळखखूण) लावून भागेल का, हा प्रश्न या एका उल्लेखाने बदलतो. स्कॉलरच्या मोजणीत मात्र हा उल्लेख 'अधिक एक'. प्रस्तावनेत पाच नावांच्या कंसात ओझरता उल्लेख करणारा पेपरसुद्धा 'अधिक एक'. दोन्हींचं वजन तराजूत सारखंच भरतं.

स्वतःच्या किंवा गाइडच्या कामाचा परिणाम मांडायचा असेल तर वीस-पंचवीस सायटिंग पेपर उघडून प्रत्येकात उल्लेख कुठे आलाय ते एका वहीत लिहावं. प्रस्तावनेत असेल तर बहुधा औपचारिक. 'मटेरियल्स अँड मेथड्स'मध्ये असेल तर तुमचा प्रायमर, प्लाझ्मिड किंवा पद्धत कुणीतरी वापरलीय. निष्कर्ष आणि चर्चेत असेल तर तुमच्या म्हणण्याशी कुणीतरी जुळवून घेतंय किंवा भांडतंय. वीस पेपरना एक संध्याकाळ पुरते. मुलाखतीत 'सायटेशन ६२' यापेक्षा 'तिघांनी आमचा प्रमोटर-रिपोर्टर (जनुक चालू झालं की दिसणारी खूण) वापरला, एकाने दुसऱ्या पिकात तो चालत नाही असं दाखवलं' हे वाक्य कितीतरी जड पडतं. हे वर्गीकरण थोडंफार आयतं हवं असेल तर सिमँटिक स्कॉलर ही दुसरी मोफत सेवा पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष असे गट करून देते. अर्थात यंत्राने केलेलं, त्यामुळे डोळे झाकून घेऊ नये.

आता प्रोफाइल. बनवायला दहा मिनिटं लागतात, पण नंतरचं निस्तरायला महिने जातात, कारण आपली आडनावं. 'एस. पाटील', 'एस. एस. पाटील', 'एस. जाधव', 'पी. शिंदे' या नावांनी महाराष्ट्रात किती संशोधक आहेत याची कल्पनाच करा. स्कॉलर सुरुवातीला 'हे लेख तुमचे का?' असं गठ्ठ्याने विचारतं. घाईत सगळे गठ्ठे टिक केले, की हळदीतल्या जनुकांवर काम करणाऱ्याच्या नावावर काँक्रीटच्या ताकदीवरचे पेपर चढतात. तिथेच पुढचा पर्याय असतो: नवीन लेख आपोआप जोडू की ई-मेलने विचारू? आधीच आपोआप ठेवलं असेल तर प्रोफाइलवरच्या अधिकच्या चिन्हावर जाऊन 'कॉन्फिगर आर्टिकल अपडेट्स' उघडा आणि ई-मेलने विचारण्याचा पर्याय निवडा. पाटील, जाधव, शिंदे, पवार, मोरे, कदम यांनी तर हे पहिल्या दिवशीच करावं. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी जुन्या नावाने 'अ‍ॅड आर्टिकल्स'मध्ये वेगळा शोध घ्यावा, आणि सोबत ओआरसीआयडीचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, १६ अंकी क्रमांक काढून तिथे दोन्ही नावं नोंदवावीत. नवीन पेपर पाठवताना तो क्रमांक दिला की निदान जर्नलच्या बाजूने तरी नावांचा घोळ टळतो.

आणखी एक अट लोकांना उशिरा कळते. प्रोफाइल सार्वजनिक केलं तरी ते स्कॉलरच्या शोधात यायला संस्थेच्या डोमेनचा ई-मेल पडताळावा लागतो, जीमेल चालत नाही. कॉलेजने स्वतःच्या डोमेनवर मेल दिलेली नसेल, तर ती मागून घ्या.

जनुक-नियमनाच्या पेपरांची एक खास डोकेदुखी म्हणजे शीर्षकं. बीटा, डेल्टा, वरखाली लिहिलेले आकडे, तिरप्या अक्षरातली जनुकांची नावं. एका ठिकाणी ग्रीक अक्षर, दुसरीकडे त्याचं स्पेलिंग, तिसरीकडे नुसती चौकोनी खूण, असं झालं की एकाच पेपरच्या दोन-तीन नोंदी होतात आणि सायटेशन त्यांच्यात वाटली जातात. प्रीप्रिंट (छापण्याआधी वेबवर ठेवलेला मसुदा) आणि छापील पेपर यांचंही कधीकधी तेच. अशा नोंदी टिक करून 'मर्ज' करायच्या. सगळ्यात बरोबर छापलेलं शीर्षक मुख्य ठेवायचं. मर्ज केल्यावर आकड्यापुढे तारा दिसला तर घाबरू नका, जोडलेल्या नोंदींचीही सायटेशन त्या आकड्यात धरली आहेत एवढाच त्याचा अर्थ.

साफसफाईने आकडा वाढतोच असं नाही. समजा एखाद्याच्या सहा नोंदी आहेत आणि सायटेशन २४, १५, ९, ६, ५, ४. उतरत्या क्रमाने पाहिलं तर पाच नोंदींना प्रत्येकी किमान पाच सायटेशन आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ५. आता ६ वाली नोंद ही २४ वाल्या पेपरचीच प्रीप्रिंट निघाली. दोन्ही एकत्र केल्या. एका लेखकाने दोन्हींचा उल्लेख केला होता, म्हणून बेरीज ३० न होता २९. नवी यादी: २९, १५, ९, ५, ४. चार पेपरना किमान चार आहेत, पाचव्याला पाच नाहीत. एच-इंडेक्स ४. दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर मोजणारा आय-१० आधीही दोन, नंतरही दोन. खरं संशोधन तेवढंच, एका क्लिकने एच एकाने घसरला. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांचा आकडा वर राहतो, आणि अर्जाच्या रांगेत तेच पुढे दिसतात. प्रामाणिकपणाला इथे दंड बसतो, हे या सेवेचं लंगडं अंग आहे.

मुद्दाम फुगवायचं म्हटलं तरी अवघड नाही. स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रयोग करून दाखवला. एका काल्पनिक लेखकाच्या नावाने सहा बनावट दस्तऐवज विद्यापीठाच्या साइटवर टाकले, प्रत्येकात त्यांच्याच गटाच्या १२९ लेखांचे संदर्भ दिले. स्कॉलरने ते सगळे मोजले: ७७४ नवी सायटेशन. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण उघड आहे. स्कॉलर जर्नलांची यादी निवडून काढत नाही, वेबवर संशोधनासारखं दिसणारं जे सापडेल ते वाचतं: प्रबंध, कॉन्फरन्सच्या पुस्तिका, प्रीप्रिंट, सगळंच.

याची दुसरी बाजू मात्र आपल्यासारख्यांच्या फायद्याची आहे. २५२ विषयांतल्या जवळपास साडेचोवीस लाख सायटेशनची तुलना २०१८ मध्ये झाली. तीत स्कॉलरने ९३ ते ९६ टक्के सायटेशन पकडली होती, स्कोपस या वर्गणीच्या सूचीने विषयानुसार ३५ ते ७७ टक्के, तशाच वेब ऑफ सायन्सने २७ ते ७३. हळद, द्राक्ष, ज्वारी अशा पिकांवरच्या कामाचे उल्लेख पुष्कळदा लहान जर्नलांत आणि प्रबंधांतच होतात. ते पाहायला स्कॉलरशिवाय इलाज नाही.

स्कोपसचा आकडा मागितला असेल आणि कॉलेजकडे वर्गणी नसेल, तर स्कोपसचा लेखक-शोध मोफत उघडतो. नाव आणि संस्था टाकली की पेपरसंख्या, सायटेशन आणि एच-इंडेक्स दिसतो. स्कॉलरपेक्षा तो कमीच येणार, त्यात बिचकण्यासारखं काही नाही. फॉर्मवर आकडा लिहिताना कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला हे लिहावं. दोन उमेदवारांपैकी एकाचा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा एच शेजारी-शेजारी ठेवणं म्हणजे एकाची हळद ओली आणि दुसऱ्याची वाळवून-पॉलिश करून तोलणं.

आणखी एक गंमत. युजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीच्या संशोधन-गुणांसाठी पेपरचे वाढीव गुण ठरतात ते जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर: इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या आत असेल तर १०, एक ते दोनमध्ये १५, असे चढत दहाच्या वर ३०. तुमच्या स्वतःच्या पेपरला किती सायटेशन मिळाली याला त्या कोष्टकात जागा नाही. इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा सरासरी आकडा, आणि ही सरासरी थोड्या भरमसाट सायटेशनवाल्या पेपरांनी ओढलेली असते. तेव्हा एच-इंडेक्ससाठी जीव टाकण्याआधी फॉर्म नीट वाचावा.

दोन विषयांतले आकडे ताडून पाहायचे असतील तर स्कॉलर उपयोगाचं नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची आयसाइट ही मोफत सेवा त्यासाठी बरी. पबमेड या वैद्यकीय-जैविक पेपरांच्या सूचीतले क्रमांक टाकले की ती प्रत्येक पेपरला सापेक्ष गुणोत्तर देते. १ म्हणजे त्याच क्षेत्रातल्या एनआयएच-अनुदानित मधल्या पेपरइतकी वार्षिक सायटेशन. अडचण एकच: पेपर पबमेडमध्ये हवा. वनस्पतिशास्त्राची आणि शेतीची बरीच जर्नलं तिथे नाहीत.

जीन रेग्युलेशनमध्ये तर आकड्यांची विशेष फसगत होते. लिवाक आणि श्मिटगेन यांचा २००१ चा पेपर घ्या. रिअल-टाइम पीसीआरच्या आकड्यांवरून जनुक किती पट वाढलं हे काढायची डेल्टा-डेल्टा-सीटी ही रीत त्यात आहे. जनुकाची अभिव्यक्ती मोजणारी जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळा तो उद्धृत करते, म्हणून त्याची सायटेशन प्रचंड. पण तो नियमनाचा शोध नाही, हिशेबाची पद्धत आहे. आणि उद्धृत करणाऱ्या अनेकांनी त्यातली अटच पाळलेली नसते: दोन्ही प्रायमरची कार्यक्षमता जवळपास सारखी आणि १०० टक्क्यांच्या आसपास हवी, तुलनेसाठी घेतलेलं संदर्भ जनुक (उदा. अ‍ॅक्टिन) स्थिर हवं. हळदीच्या कंदात अ‍ॅक्टिन स्थिर आहे का हे न तपासता तो पेपर टाकला, तर सायटेशन झालं, प्रयोग मात्र फसला.

उलट उदाहरण मायक्रोआरएनएचं. अँब्रोस आणि रुव्हकुन यांच्या गटांचे 'सेल'मधले दोन पेपर १९९३ चे. एका सूक्ष्म कृमीतलं लिन-४ हे जनुक प्रथिन न बनवता छोटा आरएनए बनवतं आणि दुसऱ्या जनुकाला आवरतं. कित्येक वर्षं ही त्या कृमीचीच लहर मानली गेली. २००० मध्ये लेट-७ हे तसंच दुसरं जनुक सापडलं, ते माणसासह अनेक प्राण्यांत निघालं, आणि मग क्षेत्र उघडलं. नोबेल २०२४ मध्ये. 'गेल्या पाच वर्षांतली सायटेशन' हा स्कॉलरचा रकाना १९९८ मध्ये असता, तर या कामाची किंमत त्याला कळली नसती.

स्कॉलरची एक उणीव खरोखर धोक्याची आहे. मागे घेतलेल्या पेपरांचा इशारा तिथे भरवशाने मिळत नाही. प्रकाशकाने शीर्षकातच 'रिट्रॅक्टेड' लिहिलं असेल तर दिसतं, नाहीतर जुनी पीडीएफ निमूट उघडते. २०१४ मध्ये 'नेचर'ने मागे घेतलेले स्टॅप पेशींचे (साध्या पेशींना ताण देऊन मूळ पेशी बनवल्याचा दावा करणारे) दोन पेपर सगळ्यांना ठाऊक आहेत, पण कमी गाजलेले कितीतरी असतात. प्रबंधाची संदर्भसूची अंतिम करण्याआधी प्रत्येक महत्त्वाचा पेपर पबमेडवर पाहून घ्यावा, तिथे मागे घेतल्याची सूचना वरच ठळक दिसते. मागे घेतलेल्या पेपरांची रिट्रॅक्शन वॉचची यादीही २०२३ पासून क्रॉसरेफ या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेमार्फत मोफत खुली आहे.

शेवटचं, सूचना लावायची सोय. ज्या एका पेपरवर तुमचं काम उभं आहे त्याच्या 'सायटेड बाय' पानावर 'क्रिएट अलर्ट' आहे, तिथे ई-मेल द्या. हळदीत कर्क्युमिन बनवणारी डीसीएस आणि सीयूआरएस जनुकं २००९ मध्ये जपानी गटाने ओळखली. कसबे डिग्रजच्या परिसरातल्या वाणांवर काम करणाऱ्याने त्या पेपरवर अलर्ट लावला, की जगात कुणी त्या जनुकांच्या नियमनावर काही लिहिलं तर मेल येतो. नुसत्या 'टर्मरिक' शब्दावर अलर्ट लावू नका, औषधी गुणांच्या पेपरांनी इनबॉक्स भरून जाईल. आणि कॉलेज बदलताना जुना संस्थेचा मेल बंद होण्याआधी प्रोफाइलमध्ये नवा मेल पडताळून घ्या, शिवाय 'एक्सपोर्ट'मधून सगळी यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून ठेवा.